हाउसबोट नको, लाँच द्या

केरळला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचा फोन हातात घ्या. गॅलरीत तीन गोष्टी हमखास सापडतील: मुन्नारचे चहाचे मळे, केळीच्या पानावरचा करीमीन, आणि हाउसबोटीच्या पुढच्या डेकवर वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसलेला तो स्वतः. खाली कॅप्शन, ‘स्लो लाइफ’. माझं भांडण या तिसऱ्या फोटोशी आहे.

मी मूळची चिपळूणकडची. गेली तीन वर्षं कोचीत, काक्कनाडच्या एका आयटी कंपनीत नोकरी करते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सगळ्या मित्रमैत्रिणींसाठी मी फुकटची ट्रॅव्हल एजंट आहे. ‘अगं, एक हाउसबोट बघून दे ना, तुला लोकल रेट मिळेल.’ मी हाउसबोट बघून देत नाही. मी त्यांना अलेप्पीच्या, म्हणजे आताच्या आलप्पुळाच्या, सरकारी जेट्टीवर नेते आणि कोट्टायमच्या बोटीत बसवते. तिकीट तीस रुपयांच्या आसपास, प्रवास साधारण अडीच तास. एसी नाही, वेलकम ड्रिंक नाही, डेकवर खुर्ची नाही. पहिला अर्धा तास शिव्या खाते. मग कोणी शिव्या देत नाही.

हाउसबोट म्हणजे मुळात केट्टुवळ्ळम. कुट्टनाडचं भात कोचीच्या बाजारात नेणारी मालाची होडी. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा एकही नाही. रस्ते झाले, ट्रक आले, होड्या बेकार झाल्या. नव्वदच्या दशकात कोणीतरी त्यांच्यावर बेडरूम चढवली आणि धंदा सुरू झाला. इथपर्यंत मला काही अडचण नाही; बेकार पडलेल्या होडीला काम मिळालं, चांगलंच झालं. पण आज अलेप्पीच्या पुन्नमडा भागात उभं राहून बघा. शेकड्यांनी हाउसबोटी, एकीमागे एक, मुंबईच्या एक्स्प्रेस हायवेसारख्या. प्रत्येकीत एसी, आणि तो चालवायला डिझेल जनरेटर. आमच्या टीमच्या एका आउटिंगला अशा बोटीवर बावीस तास काढले. त्यातला निम्मा वेळ बोट नारळाच्या झाडाला बांधलेली होती, कारण संध्याकाळी साडेपाचनंतर हाउसबोटींना फिरायची परवानगी नाही. त्या वेळेला मच्छीमार जाळी टाकतात. नियम अगदी योग्य आहे. पण मग आपण नेमकं काय विकत घेतलं? काठाला बांधलेली हॉटेलची खोली, खाली डास, वर जनरेटर, आणि शेजारच्या बोटीवरच्या स्पीकरवर आपल्याच ओळखीची गाणी.

आणि ही झाली आपली गैरसोय. काठावरच्यांची वेगळी. कुट्टनाडमध्ये घरं बांधावर असतात. पुढे कालवा, मागे शेत, मध्ये चिंचोळी पट्टी. घराच्या दारातून तीन-चार पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथे भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात, दात घासले जातात, पोरांना आंघोळ घातली जाते. त्या घराची मोरी आणि अंगण दोन्ही त्याच पायऱ्यांवर. त्यांच्यासमोरून दिवसभर हाउसबोटी जातात आणि प्रत्येक डेकवरून कोणीतरी फोन धरलेला असतो. तुमच्या सोसायटीच्या बाथरूमच्या खिडकीसमोरून दर दहा मिनिटांनी प्रवाशांनी भरलेली डबलडेकर बस जाते आणि सगळे ‘किती ऑथेंटिक’ म्हणून फोटो काढतात, अशी कल्पना करा. वर त्यांच्या संडासाचं पाणी आणि इंजिनाचं तेल तुमच्याच पिण्याच्या टाकीत.

सरकारी बोटीतून हे करता येत नाही. मनाई आहे म्हणून नव्हे. फोन काढायला हात उचलला की लक्षात येतं, त्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बाईची जाऊ किंवा शेजारीण तुमच्या बाकावरच बसलेली आहे, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन. बघणारे आणि बघितले जाणारे एकाच बोटीत आले की बघण्याची पद्धतच बदलते. माझ्या मते एवढा एकच मुद्दा पुरेसा आहे, पण मी इंजिनिअर आहे, त्यामुळे आकडेही देते.

त्याआधी ती कोट्टायमची बोट नीट सांगायला हवी. ती केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याची. १९६८ साली स्थापन झालेलं हे खातं म्हणजे पाण्यावरची एसटीच, मुख्यालय आलप्पुळालाच. बोटीत लाकडी नाहीतर प्लास्टिकचे बाक, बाजूला उघड्या खिडक्या, पाऊस आला की खाली सोडायला ताडपत्री. कंडक्टर येतो, तिकीट देतो. पुढे सुकाणूवर बसणाऱ्याला तिथे ‘स्रांक’ म्हणतात, म्हणजे आपल्या कोकणातल्या ‘सारंग’चाच सख्खा भाऊ. इंजिन त्याच्या हातात नसतं, ते मधल्या खड्ड्यात ड्रायव्हरकडे. स्रांक दोरी ओढून घंटा वाजवतो, त्या घंटेच्या भाषेत ‘पुढे’, ‘थांब’, ‘मागे’ ठरतं. दोन प्रोसेस आणि मध्ये एक मेसेज क्यू. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पुढचा अर्धा तास फक्त घंटा ऐकत बसले होते.

बोट वेंबनाडच्या दक्षिण टोकाला उघड्यावर येते आणि मग कायल शेतांच्या मधून जाते. इथे डोकं थोडं गरगरतं. कारण तुम्ही पाण्यावर बसून शेताकडे खाली बघत असता. कुट्टनाडची बरीचशी शेती समुद्रसपाटीच्या खाली, काही ठिकाणी दोन-अडीच मीटर खाली आहे. सरोवरात बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं आणि तळाच्या चिखलात भात लावायचा. उपसा करायला ‘पेट्टी आणि परा’ नावाचा लाकडी पंप. पेटी आणि नळ, एवढं साधं यंत्र. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. हे मला बोटीत शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, माझ्या त्याहून मोडक्या मल्याळमला उत्तर म्हणून. हाउसबोटीच्या पॅकेजमध्ये असे शिक्षक मिळत नाहीत.

बोट सारखी थांबते. कुठे सिमेंटचा धक्का, कुठे नुसत्या दोन बल्ल्या आणि फळी. एक बाई तांदळाच्या पिशवीसकट उतरते. शाळेची सहा पोरं चढतात आणि पुढच्या थांब्याला उतरतात. बांधापलीकडे हजारभर बदकं एक माणूस काठीने हाकत नेत असतो. आणि लक्षात येतं की आलप्पुळा ते कोट्टायम असा पूर्ण प्रवास करणारे फक्त आपणच आहोत. बाकी सगळे तीन-चार थांबेवाले. पूर्ण अंतराचं तिकीट काढणारा पर्यटक हा या बोटीचा सर्वात चांगला ग्राहक. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

दिवस पुरा करायचा असेल तर कोट्टायमहून बसने कुमरकोम, तिथून सरकारी बोटीने सरोवर ओलांडून मुहम्मा, आणि मुहम्म्याहून बसने परत आलप्पुळा. चहा-वडे धरूनसुद्धा दोनशेच्या नोटेतून सुटे पैसे परत येतात.

आता आकडे. ‘बोट किती संथ’ हे आपण कवितेसारखं बोलतो. त्यात कविता फारशी नाही, भौतिकशास्त्र आहे. पाण्यातून जाणाऱ्या बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने ताकद आठपट लागते. म्हणजे तासाला दहा-बारा किलोमीटरने जाणारी बोट फार स्वस्तात फार माणसं नेऊ शकते, आणि तिला घाई शिकवली की ती लगेच महाग होते. याचा सर्वात सुंदर वापर वैक्कम ते तवणक्कडव या मार्गावर झाला आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिथे ‘आदित्य’ ही देशातली पहिली सौर फेरीबोट सुरू झाली. ७५ प्रवासी, छतावर २० किलोवॉटची सौर पॅनेल्स, २० किलोवॉटच्या दोन मोटरी. म्हणजे ७५ माणसांना न्यायला एखाद्या छोट्या इलेक्ट्रिक कारच्या आसपास ताकद. कोचीच्याच एका कंपनीने बांधली, सरकारी खात्याने चालवली. हे जमलं कारण बोट रोज त्याच मार्गावर, त्याच वेळेला, ठरलेल्या फेऱ्या करते. बॅटरी किती हवी हे आधीच मोजता येतं. वेळापत्रक असलं की इंजिनिअरिंग सोपं होतं. रात्रभर एसी चालवणाऱ्या हाउसबोटीला असं कुठलं गणित बसवणार?

आणि मग २०२३ चा एप्रिल. कोची वॉटर मेट्रो. बॅटरीवरच्या हायब्रिड बोटी कोचीन शिपयार्डच्या, शंभर प्रवाशांच्या, किमान तिकीट वीस रुपये. वैट्टिला ते काक्कनाड ही फेरी मी ऑफिसला जायला वापरते. पुण्याच्या हिंजवडीत अडकलेल्या मित्राला मी सकाळी व्हिडिओ पाठवते, तो उत्तर देत नाही. तिथली मला सर्वात आवडलेली गोष्ट बोट नसून धक्का आहे. धक्का तरंगता आहे, पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे बोटीची आणि धक्क्याची पातळी जुळलेली राहते आणि व्हीलचेअर सरळ आत जाते.

हे सगळं गोड गोड नाही, हेही सांगते. ज्या मुहम्मा-कुमरकोम मार्गाने मी लोकांना फिरवते, त्याच मार्गावर २७ जुलै २००२ रोजी खात्याची बोट बुडाली. २९ जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, त्यात सरकारी नोकरीच्या परीक्षेला निघालेले उमेदवार होते. पण त्यानंतर न्यायालयीन चौकशी आयोग बसला, कारण बोट सरकारची होती आणि उत्तर द्यायला कोणीतरी होतं. मे २०२३ मध्ये तानूरला सहलीची खासगी बोट उलटून २२ जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात बोटीचं नाव काढलं की अजून कोणीतरी म्हातारं माणूस रामदास म्हणतंच. भीती खरी आहे. पण एसटीचा अपघात झाला म्हणून आपण एसटी बंद करून तिच्या जागी टुरिस्ट जीप आणल्या नाहीत.

पाण्यावरून माणसं नेणं मात्र आपण बंद केलं. माझी आजी दाभोळहून गोवळकोटला, म्हणजे चिपळूणच्या बंदराला, लाँचने यायची. लाँचची वेळ भरतीवर ठरायची, त्यामुळे घरात घड्याळ नसलं तरी पंचांग असायचं. आज त्या खाडीत काय चालतं? दाभोळ-धोपावे फेरीबोट चालते, आणि चांगली चालते. तशीच वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा. पण नीट बघा, या सगळ्या फेऱ्या खाडीला आडव्या जातात. गाडी या काठावरून त्या काठाला नेऊन सोडतात. पाणी म्हणजे रस्त्यातली अडचण, ती ओलांडायची. पूल झाला की ती फेरीबोटही संपेल, आणि सागरी महामार्गाच्या कामात या बहुतेक खाड्यांवर पूल येणारच आहेत. यावेत. माझं म्हणणं खाडीच्या उभ्या प्रवासाबद्दल आहे. मुखापासून आत, गावागावांना लागत लागत जाणाऱ्या बोटीबद्दल. ती आपल्याकडे नाही.

कागदावर आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग जाहीर केले. त्यात आपल्या दाभोळ खाडीचा, म्हणजे वाशिष्ठीचा, सुमारे ४५ किलोमीटरचा पट्टा आहे. बाणकोट खाडी आहे, जयगड आहे, राजपुरी आहे, कुंडलिका आहे. अंबा नदीतून धरमतरपर्यंत कारखान्याचा माल घेऊन बार्ज जातात. म्हणजे माल जाऊ शकतो. माणसांचं नाव निघालं की मात्र एकच योजना पुढे येते: ‘कोकणात केरळच्या धर्तीवर हाउसबोट’. तारकर्लीला कर्ली खाडीत पर्यटन महामंडळाने त्या आणल्याच होत्या. केरळच्या धर्तीवर म्हणायचं आणि केरळची सर्वात वाईट गोष्ट उचलायची, हे कसं जमतं? सौर फेरीबोट केरळची नाही का? जलवाहतूक खातं केरळचं नाही का?

फार लांब जायला नको, पणजीला जा. मांडवीच्या एकाच पात्रात एकीकडे कॅसिनोच्या बोटी रात्रभर झगमगतात, आणि दुसरीकडे गोवा सरकारच्या फेरीबोटी दिवाडी-चोडणच्या लोकांना ने-आण करतात, पायी जाणाऱ्याला फुकट. पाणी तेच. त्याचं काय करायचं ते सरकार ठरवतं.

‘पण कुट्टनाडला रस्ते नाहीत म्हणून बोटी, कोकणात रस्ते आहेत’ असं मला दर वेळी ऐकवलं जातं. करंबवणे किंवा परचुरीकडच्या माणसाला विचारा, समोरच्या काठावरच्या गावात जायला रस्त्याने किती फिरून जावं लागतं. दाभोळ ते गोवळकोट पूर्ण प्रवासाला बोटीने चार तास लागतील, मान्य. त्यासाठी कोणी बोट धरणार नाही. कोट्टायमच्या बोटीतही कोणी धरत नाही. तीन-तीन थांब्यांचे प्रवासी आणि मध्ये पूर्ण तिकीटवाले पर्यटक, असाच तो हिशेब बसतो. केरळच्या खात्याने तर ‘सी कुट्टनाड’ नावाच्या दुमजली बोटीत हे उघडच केलं आहे: वरच्या मजल्यावर पर्यटक जास्त तिकिटाने, खाली नेहमीचे प्रवासी नेहमीच्या तिकिटाने. वरच्याने खालच्याचा खर्च थोडा उचलायचा. यापेक्षा चांगलं ‘पर्यटनातून विकास’ मला तरी ठाऊक नाही.

भरती-ओहोटीचा मुद्दा मात्र खरा आहे. कोचीला पाणी जेमतेम मीटरभर चढतं-उतरतं, आपल्याकडे दोन-तीन मीटर. ओहोटीला धक्क्यापुढे नुसता चिखल. त्यावर तरंगता धक्का हाच उपाय, आणि जिथे तोही पुरणार नाही तिथे आजीच्या लाँचसारखं भरतीचं वेळापत्रक. भरतीची वेळ वर्षभर आधी मिनिटापर्यंत सांगता येते. ते ॲप मी एका शनिवारी लिहून देईन, फुकट. गाळाचा प्रश्न याहून अवघड. वाशिष्ठी गाळाने भरली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, माणसं गच्चीवर अडकली, आणि एवढी मोठी खाडी उशाला असलेल्या शहरात एनडीआरएफच्या रबरी बोटी रस्त्याने, तुंबलेल्या रस्त्याने, आणाव्या लागल्या. तीन वर्षं आधी, २०१८ च्या पुरात, कुट्टनाडची माणसं जलवाहतूक खात्याच्या बोटींनी आणि, हो, हाउसबोटींनीही बाहेर काढली होती. तिथे बोट आणि ती चालवणारा माणूस दोन्ही दारात उभे होते. आपल्याकडे पुरानंतर नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. ज्या नदीतून रोज सकाळी सरकारी बोट जाते, तिच्यातला गाळ काढायला उपोषण लागत नाही. बोट रुतली की त्याच दिवशी बोंब होते.

पाण्याच्या रंगाचंही तेच. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार किती वर्षं ओरडत आहेत, मेलेली मासळी दाखवत आहेत. त्यांचं कोणी ऐकत नाही, कारण बाकीच्यांना खाडी दिसतच नाही. आपण ती पुलावरून चाळीस सेकंदांत ओलांडतो. बोटीत बसलेल्या पंचाहत्तर माणसांना, त्यातल्या पूर्ण तिकीटवाल्या पुणेकरांना, तो वास चुकवता येणार नाही.

‘तोट्यात जाईल.’ जाईल. केरळचं खातंही तिकिटावर भागत नाही. पण महामार्गावर चौपदरी काँक्रीट ओतताना नफ्याचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गावर किती वर्षं आणि किती पैसे गेले यावर मी बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही. हाउसबोटवाल्यांच्या, तिथल्या खानसाम्यांच्या पोटावर पाय द्या असंही मी म्हणत नाही. अलेप्पीचं अलेप्पी बघून घेईल. माझा हट्ट एवढाच की कोकणातल्या खाडीत पहिली सरकारी बोट पडेल ती हाउसबोट नसावी.

एक बोट द्या, ‘आदित्य’एवढी. एकच खाडी, वाशिष्ठी. पावसाळा धरून एक पूर्ण वर्ष, म्हणजे खरे आकडे हातात येतील. चार-पाच तरंगते धक्के. प्रवासी किती, गाळ किती, तोटा किती, सगळं दर महिन्याला जाहीर करा; आलेख मी काढते. वर पर्यटकांसाठी वीस खुर्च्या ठेवा, जास्त तिकीट लावा, हवं तर वेताच्या ठेवा. फक्त वेळापत्रक त्यांना विचारून करू नका. पहिली फेरी सकाळी करंबवण्याहून सुटू दे, चिपळूणच्या कॉलेजच्या आणि बाजाराच्या वेळेला. पर्यटकांना दुपारची चालेल.